मोठा आकडा बायनरीत नेताना शेवटचे बिट उडतात, ते कसे वाचवायचे

तुमच्या प्रोग्रामला आत्ताच एक आकडा देऊन बघा, ९००७१९९२५४७४०९९३. बायनरी, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलेलं रूप, काढायला सांगा आणि बाकी काही न बघता फक्त शेवटचा बिट, म्हणजे शेवटचा ० किंवा १, बघा. आकडा ३ वर संपतोय, विषम आहे, म्हणजे शेवटी १ यायलाच पाहिजे, दुसरं काही येऊच शकत नाही. बरोबर उत्तर असं: आधी १, मग ५२ शून्यं, मग परत १. जर १ आणि त्यामागे नुसती ५३ शून्यं आली तर तुमचा प्रोग्राम मोठ्या आकड्यांना चुकीचं उत्तर देतोय, आणि वाईट म्हणजे काही एरर न देता देतोय, एवढी लांब ओळ कोण मोजत बसतो, समोरच्याला ती बरोबरच वाटते.

हे होतं का ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. जावास्क्रिप्टचा साधा नंबर, एक्सेलचा सेल, सी आणि जावातला डबल, पायथनचा फ्लोट, हे सगळे आतून एकाच पद्धतीने आकडा ठेवतात, १९८५ सालच्या आयईईई ७५४ स्टँडर्डमधला ६४ बिटांचा फॉरमॅट. त्या ६४ पैकी एक बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे, उरले ५२, आणि पुढचा एक बिट गृहीत धरलेला असतो, म्हणजे खऱ्या आकड्याच्या वाट्याला ५३ बिट. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत (आपल्या जुन्या मोजणीत नऊ अंत्यांच्या थोडं वर), प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्याच्यापुढे फक्त सम आकडे बसतात, ५४ व्या घातापुढे फक्त ४ च्या पटीतले, ५५ व्यापुढे ८ च्या, असं ते विरळ होत जातं. मधला आकडा दिला की तो गुपचूप जवळच्या बसणाऱ्या आकड्यावर ढकलला जातो.

आता मुख्य गोष्ट, आणि मी ही पुन्हा पुन्हा सांगत असतो कारण सगळ्यांचं लक्ष नेमकं चुकीच्या जागी असतं: बायनरी काढणारा कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो, आकडा त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेला असतो. लोक दोनने भागायचा लूप तपासत बसतात, बाकी उलटी लावली का सुलटी ते बघतात, आणि आकडा तर पहिल्याच ओळीत, टाइप करताना किंवा फाइलमधून वाचताना, गेलेला असतो. म्हणून नियम एकच धरा. आकडा बाहेरून आला की तो स्ट्रिंगच, म्हणजे नुसत्या अक्षरांची ओळच, राहू द्या, आणि त्या स्ट्रिंगमधून थेट अशा टाइपमध्ये न्या ज्यात तो पूर्ण बसतो. मध्ये कुठेही, एका क्षणापुरतंसुद्धा, फ्लोट, म्हणजे वर सांगितलेला ६४ बिटांचा फॉरमॅट, नको.

आमच्याकडे इंदूरला रामबागेत संध्याकाळी इंजिनिअरिंगची काही मुलं येतात शंका घेऊन. त्यातल्या एकीने कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कन्व्हर्टर बनवला होता जावास्क्रिप्टमध्ये, आणि म्हणाली काका उत्तर तर येतंय पण सरांच्या उत्तराशी शेवटी जुळत नाही. आकडा होता १२३४५६७८९०१२३४५६७८९०, वीस आकडी. आम्ही दोन्ही उत्तरं एकाखाली एक लावली. दोघांची लांबी ६४ बिटच, पुढून तंतोतंत सारखी, आणि शेवटचे ११ बिट वेगळे: सरांच्या उत्तरात ०१०११०१००१०, हिच्यात अकराच्या अकरा शून्यं. तिचा लूप अगदी बरोबर होता हो. झालं असं की एवढ्या मोठ्या आकड्यांच्या पट्ट्यात डबलमध्ये फक्त २०४८ च्या पटीतले आकडे बसतात, आणि २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात, म्हणून बरोबर ११ शून्यं. आत प्रत्यक्षात साठलेला आकडा होता १२३४५६७८९०१२३४५६७१६८, ७२२ ने कमी. आणि गंमत बघा, ७२२ बायनरीत लिहिलं आणि डावीकडे एक शून्य जोडलं की तेच ०१०११०१००१० येतं, म्हणजे जे हरवलं ते अगदी तंतोतंत सापडतं. शेवटी अशी शून्यांची रांग दिसली की ती मोजा, ती किती आहे त्यावरूनच कळतं की आकडा फ्लोटमधून जाऊन आलाय.

जावास्क्रिप्टमध्ये उपाय सोपा आहे. २०२० च्या स्टँडर्डपासून बिगइंट आहे, सगळ्या चालू ब्राउझरमध्ये चालतो. बिगइंटला आकडा अवतरणचिन्हात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या, आणि मग टूस्ट्रिंगला २ द्या, झालं काम. अवतरणचिन्हं विसरलात तर बिगइंटचा काही उपयोग नाही कारण आकडा आधी साधा नंबर बनतो, तिथे गोल होतो, आणि तो गोल झालेला आकडा बिगइंट इमानदारीने सांभाळतो. कोडमध्येच आकडा लिहायचा असेल तर त्याच्या शेवटी एन अक्षर लावा. फॉर्मच्या खोक्यातून येत असेल तर इनपुटचा टाइप नंबर ठेवू नका, टेक्स्ट ठेवा आणि मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून इनपुटमोड न्यूमेरिक करा. बिगइंट आणि साधा नंबर एकत्र बेरजेत घातले तर टाइपएरर येतो, तो त्रास वाटतो पण तो तुमच्या भल्याचा आहे, तिथे बिगइंटला नंबरमध्ये बदलून एरर घालवू नका, उलट नंबरला बिगइंट करा.

आणि बिटवाइज ऑपरेटर वापरत असाल साध्या नंबरवर, तर ५३ ची गोष्ट सोडाच, तिथे सगळं ३२ बिटांत कापलं जातं. नऊ अब्ज, म्हणजे ९०००००००००, याला ऑर करून शून्य लावा, ४१००६५४०८ मिळेल. लोकांना वाटतं ३२ बिट म्हणजे खूप मोठी जागा, पण आपला कुठलाही दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो आणि बिनचिन्हाच्या ३२ बिटांची हद्द ४२९४९६७२९५ आहे, म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर ३२ बिटांत बसत नाही. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र नोंदणीतला मेंबर आयडी नऊ आकडी, तो बसतो. आधारचे बारा आकडे ३२ मध्ये नाही बसत, ४० लागतात, डबलमध्ये मात्र आरामात बसतात. पण खरं सांगायचं तर हे नंबर आपण कधी बेरीज-वजाबाकीला घेत नाही, ते ओळखपत्राचे नंबर आहेत, ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवावेत, नाहीतर सुरुवातीला शून्य असलेला एखादा नंबर आला की ते शून्यही जातं.

जेसनचंही, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवताना वापरतात त्या मजकुराच्या फॉरमॅटचंही, असंच. सर्व्हर ६४ बिटांचा आयडी साधा आकडा म्हणून पाठवतो, जेसन पार्स तो डबलमध्ये वाचतं, शेवटचे दोनतीन आकडे बदलतात आणि भलत्याच माणसाचा रेकॉर्ड उघडतो. ट्विटरने म्हणूनच आपल्या एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना डेटा देणाऱ्या सोयीत, आयडीच्या शेजारी तोच आयडी स्ट्रिंग स्वरूपात द्यायला सुरुवात केली होती. तुम्हीही सरळ स्ट्रिंग पाठवा. बिगइंट जेसन स्ट्रिंगिफायला दिला तर तो एरर देतो, आधी टूस्ट्रिंग करून घ्या.

पायथनवाल्यांना वाटतं आपल्याला काय, आपला इंट तर कितीही मोठा होतो. होतो, खरंच होतो, इंट मध्ये स्ट्रिंग द्या आणि बिन लावा, हजार आकडी आकडासुद्धा अचूक येईल. पण स्वतः लूप लिहिताना एकाच तिरप्या रेघेने भागलं की फ्लोट तयार होतो आणि सगळं परत तिथेच, म्हणून दोन तिरप्या रेघा द्या, किंवा डिव्हमॉड वापरा. बिट किती लागतील हे लॉगने काढू नका. २ चा ६४ वा घात उणे १ याला ६४ बिट लागतात, पण मॅथ लॉग२ त्याचं उत्तर बरोबर ६४.० देतं, मग त्यात १ मिळवून तुम्ही ६५ म्हणता. त्यासाठी बिट_लेंग्थ आहे, तेच वापरा. पांडाज लायब्ररीने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली साधी फाइल) वाचत असाल आणि त्या कॉलममध्ये एकच जागा रिकामी असेल तर अख्खा कॉलम फ्लोट होतो, कोणी सांगत नाही, म्हणून वाचतानाच डीटाइप स्ट्रिंग द्या. आणखी एक, २०२२ पासून पायथन ४३०० आकड्यांपेक्षा लांब दशमान स्ट्रिंग इंट करायला नकार देतो, मुद्दाम, कारण फार लांब स्ट्रिंग पाठवून कोणी सर्व्हर अडकवू नये. खरोखर गरज असेल तर सिसमधली ती मर्यादा वाढवता येते, पण वेबवरून येणाऱ्या इनपुटसाठी वाढवू नका.

सी मध्ये स्ट्रिंगचा आकडा करणारं एटूआय विसरा. आकडा मावला नाही तर काय होईल याची कसलीच हमी नाही त्यात. एसटीआरटूयूएलएल घ्या, आधी एररनो (एररचा नंबर ठेवायची जागा) शून्य करा, नंतर तो ईरेंज (म्हणजे आकडा मावला नाही) झालाय का बघा, आणि शेवटचा पॉइंटर स्ट्रिंगच्या टोकाला पोचला का तेही बघा. तो फंक्शन उणे १ सुद्धा आनंदाने घेतो आणि १८४४६७४४०७३७०९५५१६१५ देतो, म्हणून उणे चिन्ह आधी स्वतः तपासा. लाँग वर भरवसा ठेवू नका, ६४ बिटांच्या विंडोजवर तो ३२ बिटांचा असतो आणि लिनक्सवर ६४ चा, त्यापेक्षा यूइंट६४_टी लिहा. आणि शिफ्ट करताना नुसता १ घेऊन ४० जागा सरकवू नका, तो १ इंट असतो, १ च्या मागे यूएलएल लावा. ६४ बिटांच्या वर जायचं असेल तर मोठे आकडे सांभाळणारी जीएमपी लायब्ररी. जावात लाँग पार्सलाँग मावलं नाही तर एक्सेप्शन फेकतं, ते चांगलंय, आणि त्याच्या वर बिगइंटिजर आहे, त्याला स्ट्रिंग द्या. मोठा आकडा छोट्या जागेत कोंबताना न तपासण्याची किंमत काय असू शकते त्याचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे, ४ जून १९९६ चं आरियान ५ चं पहिलं उड्डाण, ६४ बिटांची फ्लोट किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात घातली गेली, ती मावली नाही, आणि मिनिटाच्या आत रॉकेट गेलं.

आता एक्सेल, कारण निम्मा गोंधळ तिथूनच निघतो. एक्सेल फक्त १५ आकडे धरतं, सोळाव्यापासून पुढे शून्य करून टाकतं. इथल्या सियागंज बाजारात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पार्ट्यांच्या बँक खात्यांची यादी एक्सेलमध्ये टाइप केलेली होती, सोळा आकडी खातेनंबर सगळेच्या सगळे शेवटी शून्य, आणि मूळ आकडा त्या फाइलमधून परत काढायचा काही मार्ग नाही, कागदावरून पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून टाइप करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा, नंतर करून उपयोग नाही. सीएसव्ही डबल क्लिकने उघडू नका, डेटा मेनूतून इंपोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट निवडा. बायनरीसाठी एक्सेलमध्ये डेक२बिन आहे पण ते उणे ५१२ ते ५११ एवढ्याच आकड्यांना चालतं, बाहेर गेलं की नंबरचा एरर. बेस नावाचा फॉर्म्युला २ च्या ५३ व्या घाताच्या आतपर्यंत जातो, पण १५ आकड्यांची मर्यादा तिथेही लागूच. मोठ्या आकड्यांसाठी एक्सेल वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा तुमच्या भाषेत मोठा पूर्णांक नाहीच, किंवा परीक्षेत हाताने लिहायला सांगितलंय. मग स्ट्रिंगलाच दोनने भागायचं, शाळेत करायचो तसा भागाकार, डावीकडून एकेक आकडा घेत. १३५७ घ्या. १ ला दोनने भागलं, ० आणि बाकी १. ती बाकी पुढच्या ३ च्या डोक्यावर, झाले १३, भाग ६ बाकी १. मग १५, भाग ७ बाकी १. मग १७, भाग ८ बाकी १. भागाकार आला ६७८ आणि शेवटची बाकी १, हा आपला सगळ्यात उजवीकडचा बिट. आता ६७८ ला भागा, ३३९ आणि बाकी ०. मग ३३९, त्याचे १६९ आणि बाकी १. असं भागाकार शून्य होईपर्यंत, आणि बाक्या उलट्या क्रमाने वाचा, १०१०१००११०१. कधीच १९ पेक्षा मोठा आकडा हाताळावा लागत नाही, त्यामुळे ओव्हरफ्लोचा, म्हणजे आकडा न मावण्याचा, प्रश्नच नाही, शंभर आकडी आकडा द्या नाहीतर हजार. छंदातले लघू-गुरू काढायला प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने दिलेली रीत जवळपास हीच आहे, सम असेल तर निम्मं करून लघू, विषम असेल तर एक मिळवून निम्मं करून गुरू. भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये मुलं ही भागाकाराची पद्धत पाठ करतात, पण ती स्ट्रिंगवर चालते हे त्यांना कोणी सांगत नाही.

ही पद्धत हळू आहे. दहा हजार आकड्यांचे साधारण ३३ हजार बिट होतात आणि प्रत्येक बिटासाठी पूर्ण स्ट्रिंग चालावी लागते, भागाकार लहान होत जातो तरी दहाबारा कोटींच्या वर पावलं. वेगवान करायचं तर उजवीकडून सात-सात आकड्यांचे तुकडे पाडा आणि २ ऐवजी १६७७७२१६ ने भागा, तो २ चा २४ वा घात, म्हणजे एका फेरीत २४ बिट निघतात. बाकी जास्तीत जास्त १६७७७२१५, तिला एक कोटीने गुणून पुढचा तुकडा मिळवला तरी आकडा १७ च्या पुढे तेरा शून्यं एवढाही होत नाही, ५३ बिटांत सहज बसतो, त्यामुळे साध्या जावास्क्रिप्टमध्येही हे सुरक्षित. भाग मात्र खाली गोल करून घ्या. आणि इथे एक जागा नीट सांभाळा, प्रत्येक बाकीचे बिट लिहिताना ते डावीकडून शून्यांनी भरून पूर्ण २४ करा. बाकी ५ आली आणि तुम्ही नुसतं १०१ चिकटवलं तर मधली २१ शून्यं गायब. फक्त सगळ्यात डावीकडच्या गटाला भरायचं नाही.

आकडा आत घेताना साफसफाई करा, पण मुकाट्याने नाही. आपण १२,३४,५६७ असा स्वल्पविराम देऊन लिहितो आणि पार्सइंटला तसंच दिलं तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि १२ म्हणतं. बिगइंट अशा वेळी एरर देतो, जो बरा. रिकामी स्ट्रिंग दिली तर मात्र बिगइंट शून्य देतो, ते आधी अडवा. देवनागरी आकडे पायथनचा इंट बरोबर वाचतो, जावास्क्रिप्ट नाही वाचत, मराठी लोकांसाठी काही बनवत असाल तर आधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. आणि १.५ई१८ असं घातांकात लिहिलेलं काही आलं तर ते आधीच कुठेतरी फ्लोटमधून जाऊन आलंय, बहुतेक एक्सेलमधून, ते स्वीकारूच नका, मूळ आकडा मागा.

उणे आकडे आले तर आधी ठरवा की उत्तर कुठल्या रूपात हवंय. पायथन आणि जावास्क्रिप्ट उणे ५ ला उणे चिन्ह लावून १०१ देतात, जावाचं लाँग टूबायनरीस्ट्रिंग मात्र ६४ बिटांचा टूज कॉम्प्लिमेंट (उणे चिन्हाऐवजी २ च्या ६४ व्या घातात तो आकडा मिळवून लिहायची रीत) देतं, सगळे १ आणि शेवटी ०११. दोन्ही बरोबर. टूज कॉम्प्लिमेंट हवं असेल तर पायथनमध्ये २ चा ६४ वा घात उणे १ याच्याशी अँड करा, जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट अ‍ॅझयूइंटएन ला ६४ द्या.

तपासायला आकडे कुठले घ्यायचे तर १०, २५, १०० हे घेऊन काही कळत नाही, हद्दीवरचे घ्या. शून्य आधी, कारण भागाकार शून्य होईपर्यंत चालणारा लूप शून्याला रिकामी स्ट्रिंग देतो. मग २ चे ३१, ३२, ५३, ६३ आणि ६४ हे घात, प्रत्येकाच्या एक आधीचा, तो स्वतः, आणि एक नंतरचा. मग तीसचाळीस आकडी दोनचार, त्यातले काही विषम. प्रत्येक उत्तर उलट फिरवून परत दशमान करा आणि मूळ स्ट्रिंगशी स्ट्रिंग म्हणूनच ताडून बघा, नंबर करून ताडलं तर दोन्ही बाजू सारख्याच गोल होतात आणि चूक लपते. तेच उत्तर वेगळ्या प्रोग्रामने काढून ताडलं तर आणखी चांगलं, लिनक्सवर बीसी नावाचा कॅल्क्युलेटर मिळतो, त्यात ओबेस २ करा आणि आकडा द्या. फक्त बीसी लांब उत्तर सत्तर अक्षरांच्या आसपास तोडून बॅकस्लॅश टाकतो, तसंच कॉपी केलं तर तुमचं बरोबर उत्तरही जुळत नाही असं दिसेल, म्हणून चालवायच्या आधी बीसी_लाइन_लेंग्थ शून्य करून ठेवा.